ईव्हीचं पंक्चर आतून मशरूम पॅच मारून काढलं, त्याचा रिव्ह्यू

रिव्ह्यू कशाचा ते आधी सांगते. टायर रिमवरून पूर्ण उतरवून आतल्या बाजूनं मशरूम पॅच (देठ असलेला छत्रीसारखा रबरी पॅच) मारतात ना, त्या कामाचा, आणि तेही इलेक्ट्रिक गाडीच्या टायरवर. सोबत गाडीबरोबर मिळणाऱ्या सीलंट किटबद्दलही लिहिणारे, कारण बऱ्याच ईव्हीत स्टेपनी येतच नाही, डिकीत खालच्या कप्प्यात एक छोटा कॉम्प्रेसर आणि सीलंटची, म्हणजे आतून भोक बुजवणाऱ्या द्रवाची, एक बाटली, संपला विषय. निकाल आधीच देते, पाच पैकी चार स्टार. काम चोख झालंय, हवा टिकतेय, स्टेअरिंग थरथरत नाही. पण खरं सांगायचं तर भोक बुजवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग होता. ईव्हीचा टायर म्हणजे काही वेगळं रबर नाही, पंक्चर तसंच होतं आणि निघतंही तसंच, भानगड सगळी आजूबाजूची आहे, गाडी उचलायची कुठून, टायरच्या आत फोम आहे का, आधी कोणी सीलंट ओतलंय का, गाडीचं वजन किती. हे ज्याला माहितीये त्याच्याकडे जा, मग तो कंपनीचा असो नाहीतर कोपऱ्यावरचा.

झालं असं की स्क्रीनवर एका टायरची हवा बाकीच्या तिघांपेक्षा कमी दिसायला लागली. बाकीचे तिन्ही ३८ पीएसआयला (हवेच्या दाबाचं माप), हा एकटा ३१ वर. आता चारही टायरची हवा सारखीच एक-दोन पीएसआय कमी झाली तर घाबरायचं कारण नाही, थंडी पडली की होतंच ते, साधारण ५ ते ६ डिग्री तापमान उतरलं की एक पीएसआय जातो. पण एकच टायर मागे पडत असेल तर बहुतेक काहीतरी घुसलेलं असतं, नाहीतर व्हॉल्व किंवा रिमपाशी हवा गळत असते. आणि हवा कमी झाल्याचा पिवळा दिवा लागायची वाट बघत बसू नका, बऱ्याच गाड्यांत तो हवा जवळजवळ पाव भाग गेल्यावर लागतो, तोपर्यंत टायर आतून मार खात असतो. प्रत्येक चाकाचा आकडा दाखवणारी गाडी असेल तर आठवड्यातून एकदा त्या पानावर नजर टाकायची सवय लावाच. काही गाड्यांत मात्र आकडा नसतो, त्या फक्त चाकांच्या फिरण्याच्या वेगावरून अंदाज बांधतात, तिथे गेज वापरण्याला पर्याय नाही.

टायर फिरवून फिरवून बघितला तर मधल्या खाचेच्या शेजारी स्क्रूचं डोकं, घासून चकचकीत झालेलं. ट्यूबलेसमध्ये अशा वेळी स्क्रू उपटायचा नाही, तोच बूच म्हणून बसलेला असतो. म्हणून किटमधला फक्त कॉम्प्रेसर लावला, बाटली न जोडता, बऱ्याच किटमध्ये तशी सोय असते, आणि हवा मारून घेतली. कॉम्प्रेसर ठीकठाक आहे, आवाज भयंकर, पाइप आखूड, गेजवरचे आकडे रात्री दिसत नाहीत, पण काम करतो. सलग दहा मिनिटं चालवला की तापतो, त्याला मधेमधे विश्रांती द्यावी लागते.

बाटली का नाही वापरली, तर मला टायर आतून दुरुस्त करून घ्यायचा होता. सीलंट वाईट असतं असं नाही हं. रात्र आहे, रस्ता सामसूम आहे, हवा भसाभसा जातेय, अशा वेळी ओता बिनधास्त, जीव महत्त्वाचा. फक्त त्याच्या अटी वाचून ठेवा. वेग ८० च्या वर न्यायचा नाही, ओतल्या ओतल्या लगेच थोडं अंतर चालवायचं म्हणजे ते आतून सगळीकडे पसरतं, मग थांबून परत हवा बघायची, आणि खूपच खाली आली असेल तर गाडी पुढे न्यायचीच नाही. ओतताना गेजचा काटा एकदम खूप वर जातो आणि मग खाली येतो, ते बिघडलंय म्हणून नाही, घट्ट द्रव व्हॉल्वमधून जात असतो म्हणून. टायरच्या बाजूच्या भिंतीला चीर पडली असेल तर सीलंट काही कामाचं नाही, ते फक्त तळव्यातल्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातल्या, बारीक भोकासाठी असतं. आणि बाटलीवर एक्सपायरी असते, साधारण ४ वर्षांच्या आसपास, ती बघा आत्ताच्या आत्ता. सेकंडहॅंड ईव्ही घेतली असेल तर नक्कीच बघा, आधीच्या मालकानं बाटली वापरून रिकामी परत ठेवलेली पण असू शकते.

आता दुकानांबद्दल. पहिल्या ठिकाणी गेले, नाव घेत नाही, तिथल्या पोरानं गाडी बघितली आणि म्हणाला ताई, इलेक्ट्रिकला हात लावत नाही, करंट बसेल. अरे बाबा चाकाचा आणि हाय व्होल्टेजचा संबंध काय, त्या जाड नारिंगी केबली असतात त्यांना हात लावायचा नाही एवढंच, चाक काढताना त्या मधे येत पण नाहीत. हे समजावल्यावर तयार झाला, आणि तयार झाल्यावर ट्रॉली जॅक घेऊन थेट गाडीच्या पोटाखाली सरकवायला लागला. तिथे मी थांबवलं. कारण ईव्हीच्या पोटाखाली बॅटरी असते, पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत बहुतेक सगळी जागा तिनंच व्यापलेली, आणि खालून तिचं ते सपाट झाकण इतकं दणकट दिसतं की जॅक लावायला हीच मस्त जागा असं कोणालाही वाटेल. तिथे जॅक लावून दोन टनांच्या आसपासची गाडी उचलली तर झाकण दबू शकतं, आतल्या कूलिंगच्या प्लेटला, सेलला धक्का बसू शकतो, आणि मग वॉरंटीचं काय ते तुम्ही आणि कंपनी बघत बसा. जॅक लावायच्या जागा दोन्ही बाजूंना कडेला असतात, मॅन्युअलमध्ये चित्र असतं, काही गाड्यांत तिथे गोल खड्डा असतो आणि त्यात बसणारा रबरी पॅड मिळतो. बरेच टेस्लावाले हे पॅड डिकीतच ठेवतात, बाकीच्यांनीही ठेवावा, मुठीएवढी वस्तू आहे. एअर सस्पेन्शनची (स्प्रिंगऐवजी हवेच्या फुग्यांवर तोललेली) गाडी असेल तर आधी स्क्रीनवरून जॅक मोड चालू करायचा, नाहीतर गाडी उचलली की ती आपलं आपण लेव्हल करायच्या नादात खालीवर होत राहते.

तर त्या पोराला हे सांगितल्यावर तो म्हणाला मग चाक न काढताच स्ट्रिप मारतो, पाच मिनिटांत मोकळ्या. मी नको म्हटलं आणि निघाले. स्ट्रिप म्हणजे ती चिकट दोरीसारखी पट्टी, सुईत ओवून बाहेरून खुपसतात ती. रस्त्यात अडकलात तर स्ट्रिप उत्तम, सीलंटपेक्षा मला तीच बरी वाटते, आत घाण होत नाही. पण कायमचा इलाज म्हणून नको, त्याची कारणं दोन. एक, बाहेरून मारली की टायर आतून कसा आहे ते कोणी बघतच नाही. दुसरं, टायरच्या तळव्यात स्टीलच्या तारांचे पट्टे असतात, भोकातून पाणी आत झिरपलं की त्या तारा गंजतात आणि ते बाहेरून कळत पण नाही. अमेरिकेतल्या टायर कंपन्यांच्या संघटनेचा नियमच आहे की टायर उतरवून आतून तपासल्याशिवाय दुरुस्ती करायची नाही, आणि नुसता प्लग किंवा नुसता पॅच चालत नाही, भोक भरणारं देठ आणि आतून झाकणारा पॅच दोन्ही पाहिजेत. ते दोन्ही ज्यात एकत्र येतं तोच हा मशरूम.

दुसऱ्या ठिकाणी फोन करूनच गेले. फोनवर त्या दादांनीच उलट मला विचारलं, ताई सीलंट टाकलंय का, टायरवर आत फोम असल्याचं काही चिन्ह आहे का, जॅकचे पॅड आहेत का, भोक मधोमध आहे की कडेला. माझं मत तिथेच झालं होतं. चार प्रश्न, पण ज्यानं असे टायर उघडलेत त्यालाच सुचतील असे.

फोमचं सांगते, बऱ्याच जणांना हे टायर उघडेपर्यंत माहीत नसतं. ईव्हीत इंजिनाचा आवाज नाही, त्यामुळे टायरचा आवाज जास्त टोचतो. टायरच्या पोकळीत कोंडलेली हवा साधारण २०० हर्ट्झच्या आसपास घुमते, तो जो हायवेला सतत घुंsss असा आवाज येतो तो, आणि तो मारायला कंपन्या आतल्या बाजूनं पॉलियुरेथेनच्या फोमचा पट्टा चिकटवतात. मिशेलिन त्याला अकूस्टिक म्हणतं, कॉन्टिनेन्टल कॉन्टीसायलेन्ट, पिरेलीचं पीएनसीएस, प्रत्येकाचं आपापलं नाव, टायरच्या बाजूवर छापलेलं असतं. पॅच थेट रबरला चिकटला पाहिजे, फोमवर नाही, म्हणजे फोम कापावा लागतो. काही दुकानं फोम दिसला की टायर फेकायला सांगतात, नवीन घ्या म्हणतात. फोम आहे म्हणून टायर दुरुस्त होतच नाही असं अजिबात नाही, फक्त काम वाढतं.

मी तिथे बसले होते तेव्हा शेजारच्या मशीनवर दुसरी एक गाडी होती, तिच्या टायरमध्ये आधी सीलंट ओतलेलं. टायर रिमवरून सुटला आणि आतून पांढरं दुधासारखं पाणी जमिनीवर सांडलं, अमोनियाचा उग्र वास, आणि फोम सगळा भिजून लिबलिबीत, अर्धा सुटून आत गोळा झालेला. हवेच्या सेन्सरवर त्याचं रबर थिजून बसलेलं, ते काडीनं खरवडून काढत होता तो मुलगा, तोंड वाकडं करून. फोम पूर्ण काढून टाकावा लागला. टायर वाचला, पण तासभर नुसती साफसफाई. म्हणून पहिलंच सांगा की सीलंट टाकलंय, लपवू नका, उघडणाऱ्याच्या अंगावर उडतं ते.

माझ्या चाकाचं काम असं झालं. आधी खडूनं स्क्रूची जागा आणि व्हॉल्वची जागा टायरवर मार्क केली, म्हणजे परत बसवताना टायर रिमवर होता तसाच बसतो. व्हॉल्वची पिन काढून हवा सोडली, मशीनवर टायरची कड दाबून सोडवली, आणि हे करताना सेन्सर कुठे आहे ते बघून दाब विरुद्ध बाजूला दिला. सेन्सर बहुतेक गाड्यांत व्हॉल्वच्या मागेच असतो, घाईत तो मोडतो आणि मग पंक्चर बाजूला राहून सेन्सरचा नवा खर्च. टायर उघडल्यावर दादांनी पहिलं काय केलं तर आतल्या भिंतीवरून बोटं फिरवली आणि बोटं मला दाखवली. स्वच्छ. म्हणाले, इथे काळा भुगा लागला असता तर दुरुस्त केला नसता.

तो भुगा म्हणजे काय ते कळल्यावर मला जरा घामच फुटला. हवा कमी असताना गाडी चालवली की टायरची बाजूची भिंत जास्त वाकते, तापते, आतून घासून रबराचा भुगा पडतो, आणि भिंतीतले धागे तुटायला लागतात. बाहेरून टायर नवाकोरा दिसतो. त्याला पॅच मारून पूर्ण हवा भरली तर तो पुढे कधीही फुटू शकतो. आणि ईव्हीत हे लवकर होतं कारण वजन. बॅटरीच कित्येक गाड्यांत ३०० ते ५०० किलोची असते. ह्युंदाई कोना घ्या, तीच गाडी पेट्रोलमध्ये आणि इलेक्ट्रिकमध्ये, मोठ्या बॅटरीची इलेक्ट्रिक तीनशेच्या वर किलोनं जड. एवढं वजन कमी हवेच्या टायरवर घेऊन 'जवळच तर आहे, जाऊ हळूहळू' करत गेलात की टायर गेलाच समजा. म्हणून हवा जाऊन चाक बसलं असेल तर चालवू नका, फ्लॅटबेड (अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक) बोलवा. आणि फ्लॅटबेडच हं, मोटर जोडलेली चाकं जमिनीवर फिरवत दोरीनं ओढायची नाही, चाकं फिरली की मोटर जनरेटरसारखी वीज बनवायला लागते आणि नुकसान होऊ शकतं.

मग फोमला भोकाच्या चारी बाजूंनी चौकोनी खिडकी कापली, पॅचपेक्षा थोडी मोठी, आणि खालचा गोंद पातळ पात्यानं खरवडला. इथे वेळ गेला, गोंद जरा जरी राहिला तर पॅच धरत नाही. मग क्लीनर मारून, कमी स्पीडच्या मशीनवर घासून रबर मखमलीसारखं मऊ केलं. स्क्रू ज्या कोनात घुसला होता त्याच कोनात ड्रिलचं टोक घालून भोक साफ केलं, म्हणजे तुटलेल्या तारांची टोकं आत राहून देठाला कापत नाहीत. सोल्युशन लावलं आणि थांबले. हे थांबणं बघायला लोक तयार नसतात, पण सोल्युशन ओलं असताना पॅच चिकटवला की खाली हवेचे फुगे राहतात. बोट लावून चिकचिक लागेल इतकं सुकलं मग मशरूमचं देठ आतून घालून बाहेर ओढलं, आणि दातेरी छोट्या रोलरनं मधून कडेकडे दाबत नेलं. घासलेल्या पण पॅचखाली न झाकलेल्या भागावर सीलर फिरवलं. बाहेर आलेलं देठ तळव्याच्या लेव्हलला कापलं. फोमचा तुकडा परत चिकटवू का विचारलं, मी नको म्हटलं, तो सुटून आत गडगडत बसला तर तेच नवं दुखणं. तेवढ्या तुकड्यानं आवाजात काही फरक पडला का, तर माझ्या कानाला तरी नाही.

भोक किती मोठं चालतं, तर ६ मिलिमीटरपर्यंत, आणि तेही तळव्यात. खांद्याला म्हणजे तळवा वळून बाजूला जातो तिथे किंवा बाजूच्या भिंतीत असेल तर कोणी कितीही छातीठोक सांगितलं तरी ती दुरुस्ती करून घेऊ नका. तो भाग चाक फिरताना सतत वाकतो, पॅच तिथे टिकत नाही. आणि टायर बदलायचीच वेळ आली तर साइज जुळली म्हणजे झालं असं नाही, लोड इंडेक्स बघा. ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९६ म्हणजे ७१०. ईव्हीला बऱ्याचदा एक्सएल म्हणजे जास्त भार घेणारा टायर लागतो, काही नव्या जड गाड्यांना साइजच्या आधी एचएल लिहिलेला, तो त्याहून जास्त घेतो. दुकानात त्याच साइजचा कमी इंडेक्सचा टायर शिल्लक असला की तो गळ्यात मारायची हौस असते, तिथे डोळे उघडे ठेवा. सेल्फ सीलिंग टायर असेल, ज्यात आतून चिकट थर असतो आणि खिळा घुसला तरी आपोआप बुजतं, तर त्याचं पंक्चर झालेलं कळत पण नाही, पण तो उघडायचा झाला तर तो चिकट थर काढूनच पॅच मारावा लागतो, हे काम सगळ्यांना जमत नाही, आधीच विचारून घ्या.

बसवताना साबणाचं पाणी मारून बघितलं, एक बुडबुडा नाही. बॅलन्सिंग केलं, फोमचा तुकडा गेल्यामुळे वजन थोडं बदललं होतं, एक छोटं वजन जास्त लागलं. नट आधी हातानं, मग स्टारसारखे समोरासमोर, आणि शेवटी टॉर्क पान्यानं मॅन्युअलमधल्या आकड्यावर. हवेच्या गननं कचाकच आवळून सोडून दिलं नाही याचे मी वेगळे मार्क देते. टेस्ला मॉडेल ३ ला तो आकडा १७५ न्यूटन मीटर आहे, इतर गाड्यांचा वेगळा, अंदाजानं आवळायची गोष्ट नाही ती. थोडं चालवून झाल्यावर परत एकदा नट तपासून घ्या म्हणाले, तेही केलं, सगळे जागेवर होते. हवाही दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलीये तेवढीच भरून घेतली. ईव्हीला ती जास्तच असते, पेट्रोल गाडीच्या सवयीनं पोरं ३२ मारून मोकळी होतात, मग रेंज कमी, टायर कडेनं झिजतो, आणि आपण बॅटरीला शिव्या देतो.

वेळ तासाच्या वरच गेला, स्ट्रिपच्या मानानं खूप, पण त्यासाठी मी स्टार कापणार नाही, सोल्युशन सुकायला लागतो तेवढा वेळ लागणारच. कापलेला एक स्टार पावतीसाठी. पावतीवर नुसतं 'पंक्चर' लिहून दिलं. कुठल्या चाकाचा, तळव्यात कुठे, किती मोठं भोक, फोम कापलाय का, काहीच नाही. पुढे त्याच टायरला परत काही घुसलं तर नव्या पॅचची कड जुन्या पॅचवर चढलेली चालत नाही, म्हणजे ही माहिती लागणारच. मागितलं तर म्हणाले ताई एवढं कोण लिहितं. शेवटी टायर उघडा असतानाचा पॅचचा फोटो मीच काढून ठेवला होता, तो टायरच्या बाजूवरच्या डॉट नंबरच्या (टायर कुठे, कधी बनला ते सांगणारा नंबर) फोटोसोबत गाडीच्या कागदांच्या फोल्डरमध्ये टाकलाय.